सुरतेच्या जुन्या जेलमधलं दळण

दोंडाईच्याला पॅसेंजरमध्ये चढल्यापासून माझ्या बायकोने, सुमनने, मांडीवरचा पितळी डबा खाली ठेवला नाही. समोरच्या बाईने दोनदा विचारलं, "लाडू का हो?" सुमन दोन्ही वेळा नुसती हसली. डब्यात आमची कानबाई होती.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. नारळाला डोळे आणि नथ लावून, दागिने घालून कलशावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायचं. आमच्या घरी नारळ जुनाच जपतात. पाण्यात बुडवून परत आणतात आणि पुढच्या श्रावणापर्यंत डब्यात ठेवतात. तो डबा आजवर गावाची वेस ओलांडून गेला नव्हता. यंदा तो सुरतेला चालला होता.

याचं कारण साधं आकड्यांचं होतं. कानबाईला भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात आणि त्या पिठाचे रोट (जाड पोळ्या) करतात. आमच्या भाऊबंदांत नऊ नावं आहेत. त्यांतली सहा सुरतेत, एक पुण्यात, एक नाशकात आणि गावाजवळ उरलेलं एक म्हणजे मी. माझा धाकटा भाऊ बापू गेली कित्येक वर्षं म्हणत होता, "भाऊ, जिथं माणसं तिथं देवी बसू द्या." सहा आणि एक, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तरी मी एक अट घातली. दळण जात्यावरच झालं पाहिजे, विजेच्या चक्कीवर नाही. जात्यावर झालं तर कानबाई कायमची सुरतेत, नाहीतर पुढच्या श्रावणात डबा परत दोंडाईच्याला. सुरतेत जातं मिळणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच ती अट घातली होती.

नंदुरबारला गाडी भरली. नवापूरच्या फलाटावर एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, तो मी खिडकीतून सुमनला दाखवला. ती म्हणाली, "बसणारा कुठला मोजायचा?" सोनगडपासून डोंगर हिरवेगार होते. व्यारा, बारडोली मागे पडली तशी उसाची शेतं लागली, आणि मग एकाएकी दोन्ही बाजूंनी पत्र्याची छपरं. उधना आलं. सुरत स्टेशनापर्यंत न जाता आम्ही इथेच उतरलो, कारण बापूचं घर नवागामला आहे.

नवागामच्या गल्लीत शिरलं की आधी आवाज लागतो. यंत्रमागांचा खडखडाट भिंतींतून येतो, जमिनीतून येतो, चहाच्या कपातूनही येतो. बापू मागांच्या कारखान्यात दुरुस्तीचं काम करतो. त्याच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. त्याची बायको रंजना घरी बसून साड्यांना काठ लावते. एका कोपऱ्यात साड्यांचा ढीग आणि दुसऱ्या कोपऱ्यात नवा चौरंग, त्यावर आंब्याची डहाळी. चौरंगाची लांबीरुंदी मी टेपने मोजली, गावच्या चौरंगाएवढीच निघाली. माझी नोकरी पंचायत समितीच्या बांधकाम शाखेत अंदाजपत्रकं करण्याची. टेप माझ्या पिशवीत नेहमी असते.

"बापूनेच मापं सांगितली होती सुताराला," रंजना म्हणाली.

"चौरंग ठीक आहे," मी म्हणालो. "जात्याचं काय?"

बापू चहात बघायला लागला. रंजनाने पदर सावरला आणि सरळ सांगितलं, "दादा, जातं सापडनं. जेलमा शे." (जातं सापडलं. जेलमध्ये आहे.)

मी हसलो. बापू म्हणाला, "हासू नका भाऊ, खरंच शे."

हकिगत अशी होती. शहराच्या जुन्या भागात, तापीच्या अंगाला एक जुनी जेल आहे. कैदी केव्हाच शहराबाहेरच्या नव्या जेलमध्ये गेले. आता तिथे डागडुजी करून लोकांना पाहायला जागा करणार आहेत. तिथल्या साफसफाईचं काम रंजनाच्या बचत गटाला मिळालं होतं. झाडता झाडता तिला एका बराकीत दगडी जातं दिसलं आणि तिने तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडून शब्द घेऊन ठेवला होता.

"जेलच्या जात्यावर कानबाईचं दळण?" मी म्हणालो. "चोरदरोडेखोरांनी फिरवलेलं जातं ते!"

"बायकांच्या बराकीतलं आहे, दादा. दळणाऱ्या बायाच होत्या. त्यांच्या घरी देव नव्हते का?"

"पण—"

"तुम्ही जातं म्हणालात. कुठलं ते म्हणाला नाहीत."

सुमन माझ्या बाजूने काही बोलेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आणि विजेच्या चक्कीवर काय फक्त साधूसंत दळतात?"

शनिवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. बापूला सकाळची पाळी होती. गहू मी घरीच मोजून घेतले होते. आमच्यात माप घरातल्या थोरल्याच्या मुठीचं असतं. सव्वा मूठ म्हणजे एक भरलेली मूठ आणि वर चार बोटांच्या चिमटीत येतील तेवढे दाणे. नऊ नावं घेत मी नऊ मापं काढली आणि रंजनाने प्रत्येक माप वेगळ्या फडक्यात बांधून मोठ्या पिशवीत ठेवलं. ही मापं एकदा निघाली की त्यांत भर घालायची नाही, त्यांतून कमी करायचं नाही आणि पुन्हा मोजायचं नाही. सगळ्या रीतींमध्ये मला ही सर्वांत पटते.

बसने आम्ही जुन्या शहरात गेलो. श्रावणाची भुरभुर होती. सुमनला भूक लागली म्हणून एका गाडीवर लोचो खाल्ला. लोचो म्हणजे डाळीच्या पिठाचा वाफवलेला गोळा. तो ढोकळा व्हायला निघाला होता आणि वाटेत विचार बदलला, असं त्याचं रूप असतं. वर तेल, शेव, कांदा. सुमनने एक बशी संपवून दुसरी घेतली. गाडीवाला खूश होऊन म्हणाला, "मासी, ये तो सुरत का नाश्ता है, शरमाना नहीं."

जेल एका गल्लीच्या टोकाला एकदम समोर येते. फाटक लाकडी, वर लोखंडी पट्ट्या आणि त्यात माणसाला वाकून जावं लागेल एवढी दिंडी (छोटा दरवाजा). आत पाऊल टाकताना मी टेप काढली. दरवाजाजवळची भिंत जवळजवळ अडीच हात जाडीची होती. आजच्या अंदाजपत्रकात अशी भिंत कुणी मंजूर करणार नाही.

"नाप लो, नाप लो," आतून आवाज आला. "यहाँ जो आता है, पहले दीवार नापता है. पुराने वाले तो हाथ से नापते थे."

हे गुलाबकाका. सारी नोकरी त्यांनी याच जेलमध्ये शिपाई म्हणून केली आणि निवृत्तीनंतर याच फाटकावर पहारेकरी झाले. गुजराती, हिंदी आणि थोडीफार मराठी ते एकाच वाक्यात वापरतात. ते म्हणाले, इमारत जेल म्हणून बांधलेलीच नाही, ही आधी कुणा व्यापाऱ्याची वखार (मालाचं गोदाम) होती. मी म्हणालो, पुरावा काय? त्यांनी मला मागच्या भिंतीकडे नेलं. तिथे विटांनी बुजवलेल्या तीन कमानी दिसत होत्या, प्रत्येक बैलगाडी आत जाईल एवढी रुंद. वरच्या मजल्यावर भिंतीतून बाहेर आलेली जाड तुळई आणि तिला दोर घासून पडलेली खाच. माल वर ओढायची सोय. मी कमान मोजली आणि मान्य केलं. कैद्यांसाठी इतका रुंद दरवाजा कुणी ठेवत नाही.

मालाची जागा माणसांची कशी झाली, हे काका एका वाक्यात सांगतात. "गठरी भी ताले में, आदमी भी ताले में, ताला वही रहा." नुसत्या खिडक्यांना गज बसवले आणि दालनांत आडव्या भिंती घातल्या. त्या नव्या भिंती जुन्यांच्या निम्म्याही जाडीच्या नाहीत. दोन्हींमधला सांधा नीट पाहिला तर अजून दिसतो.

आम्ही बराकींतून फिरलो. मी दोन खोल्या मोजल्या, सुमनने छतावरची कबुतरं मोजली. मला सर्वांत आवडली ती घंटा. अंगणाच्या मध्यावर एका कमानीत ती टांगलेली आहे. संध्याकाळी बराकी बंद करताना कैद्यांची गिनती (मोजणी) व्हायची. सगळ्या बराकींचा आकडा जुळला तरच ती वाजायची आणि घंटा वाजल्याशिवाय एकाही शिपायाला घरी जाता यायचं नाही.

"कधी जुळला नाही असं झालं?" मी विचारलं.

"एक बार," काका म्हणाले आणि भिंतीवरची एक आडवी रेघ दाखवली. ती माझ्या डोक्याच्याही वर होती. "तापी का पानी यहाँ तक आया था. कैदी सब छत पर. साहब बोले, गिनती करो. मैंने की. एक आदमी ज्यादा!"

"जास्त? कमी नाही?"

"ज्यादा! फिर से की. फिर ज्यादा. साहब बोले, गुलाब, तू डर गया है. तीसरी बार साहब ने खुद की. एक ज्यादा." काका खो खो हसले. "बाजूवाला दरजी था. उसका घर डूबा, तो पाइप पकड़ के जेल की छत पर चढ़ गया. चुपचाप लाइन में बैठा था, खिचड़ी मिल रही थी ना!"

"मग घंटा?"

"घंटा पानी में था, भाई. कौन बजाता?"

मी मोजणीचा माणूस. मला ही गोष्ट फार भावली. आकडा जुळेना म्हणजे आकडा चुकला असंच आपण धरतो. कधी माणूसच वाढलेला असतो.

बायकांची बराक सर्वांत मागे, स्वतंत्र अंगणात. चार खोल्या, एक विहीर, आणि ओसरीवर जातं. जातं जमिनीत पुरलेल्या दगडी ओट्यावर बसवलेलं होतं, खालची तळी चांगली रुंद. धान्यही इथे डोई मोजून यायचं, काका म्हणाले. जितकी डोकी तितकं माप आणि तेवढंच दळण. मी रंजनाच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. नऊ नावांची नऊ फडकी. डोकी मोजून धान्य काढणारी जागा मी कानबाईशिवाय दुसरी पाहिली नव्हती. माझा जेलवरचा आक्षेप तिथेच संपला.

अडचण निराळीच निघाली. जात्याला खुंटाच नव्हता. वरच्या पाळूला (फिरणाऱ्या दगडाला) खुंट्याचं भोक होतं, लाकूड कुजून गेलेलं. आणि आम्ही वाकून भोक बघत असताना मागून आवाज आला, "आ शुं चाले छे?" (हे काय चाललंय?)

डागडुजीचं काम बघणाऱ्या हेताबेन होत्या. तिशीच्या, पायात गमबूट, हातात छत्री. काकांनी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "काका, आ प्रदर्शननी वस्तु छे. दळवा माटे नथी." (ही प्रदर्शनाची वस्तू आहे, दळण्यासाठी नाही.)

रंजना गुजरातीत बोलायला लागली. इतक्या झरझर की मला निम्मंच कळलं. कानबाई, दादा, गाव, हे शब्द कळले. 'दादा' म्हणताना ती माझ्याकडे बोट दाखवायची आणि हेताबेन माझ्याकडे बघायच्या. जेलमध्ये उभं राहून कुणी बोट दाखवलं की कसं वाटतं, तेही त्या दिवशी कळलं.

"ती काय म्हणतेय?" मी सुमनला विचारलं.

"म्हणतेय, हा माणूस देवी परत घेऊन जाईल."

हेताबेन माझ्याकडे वळल्या. मग हिंदीत मला म्हणाल्या, "अंकल, आप क्यों ले जाओगे? इनके घर में नहीं बैठ सकती?"

"बसू शकते. पण जात्याची अट आहे."

"अट किसने डाली?"

"मी."

"तो आप निकाल दो ना."

सुमन विहिरीकडे तोंड करून हसत होती. मी म्हणालो, अट घातली की घातली, माणसागणिक बदलली तर तिला अट कोण म्हणेल? हेताबेनना हे का कोण जाणे पटलं. त्यांचंही काम मोजमापाचंच होतं. त्या म्हणाल्या, प्रत्येक खोलीत तिथला एकेक आवाज ऐकवायचा असं ठरलं आहे. घंटेचा घेतला, कुलपाचा घेतला. जात्याचा मिळाला नाही, कारण फिरवणारं कुणी नाही. "आप लोग पीसो, गाना भी गाओ, मैं रिकॉर्ड करूँगी. लेकिन पत्थर को कुछ हुआ तो मेरी नौकरी गई."

"पत्थर को क्या होगा?" काका म्हणाले. "इतनी औरतों ने गुस्सा उतारा है उस पर, आज तक टूटा नहीं."

राहिला खुंटा. रंजनाने बापूला फोन लावला. त्याची पाळी संपत आली होती. मोटारसायकलवरून तो भिजत आला, शर्टाच्या आत काहीतरी लांबट घेऊन. मागावर धोट्याला (आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्याला) टोला देऊन इकडून तिकडे पळवणारी एक लाकडी दांडी असते. ती चिवट लाकडाची असते आणि तरीही तुटते, म्हणून कारखान्यात तुटक्या दांड्यांचा ढीग असतो. त्यांतली एक बापूने आणली होती.

"हाई ल्या दांडी," तो म्हणाला. (ही घ्या दांडी.) "दिवसभर मार खायेल शे, दळाले घाबरणार नही."

मी भोकाचा व्यास मोजला, बापूने चाकूने दांडीचं टोक तासलं. दोनदा सैल झाली, तिसऱ्यांदा पाचर मारून पक्की बसली. काकांनी ओसरी पुसली. रंजना आणि सुमन समोरासमोर बसल्या, चार हात खुंट्यावर. हेताबेननी छोटं यंत्र जवळच्या विटेवर ठेवलं आणि तोंडावर बोट धरून आम्हा पुरुषांना गप्प केलं.

रंजनाने पहिलं फडकं सोडलं. पहिलं नाव थोरल्याचं, म्हणजे माझं. तिने ते मोठ्याने घेतलं, गहू जात्याच्या तोंडात सोडले, आणि जातं घरघरलं. दोघी अहिराणीत कानबाईचं गाणं म्हणायला लागल्या. बराकीच्या छताखाली तो आवाज असा भरला की काका फाटकाकडे जायचे थांबले. बापूच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

तळीत पीठ पडायला लागलं. ते पांढरं नव्हतं, राखेसारखं करडं होतं.

गाणं थांबलं. सुमनने चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळलं आणि डोळे मिटून घेतले. "अगं बाई," ती म्हणाली. "टाकी लावलीय याला."

जात्याचे दगड गुळगुळीत झाले की पाथरवट त्यांना छिन्नीने टाके घालतो. त्याला टाकी लावणं म्हणतात. अशा जात्यावर पहिल्यांदा मूठ-दोन मुठी हलकं धान्य दळून टाकून द्यायचं असतं, कारण दगडाची कच त्याबरोबर निघते. गावात हे लहान पोरीलाही ठाऊक असायचं. पण आमच्या घरातलं जातं थांबून इतकी वर्षं झाली होती की आम्हा चौघांपैकी एकालाही ते वेळेवर आठवलं नाही. प्रदर्शनात छान दिसावं म्हणून पाथरवटाने नुकतीच टाकी लावली होती, आणि आम्ही पहिला घास घातला तो कानबाईच्या मोजलेल्या गव्हाचा.

"चाळून घेऊ," बापू म्हणाला.

"कच पिठाहून बारीक आहे," सुमन म्हणाली. "चाळणीतून खाली येते."

"मग फेकून दुसरे—" एवढं बोलून बापूच थांबला. दुसरे मोजायचे नाहीत, ते त्यालाही माहीत होतं.

रंजना खुंटा धरून तशीच बसली होती. "आते काय करानं, दादा?" (आता काय करायचं?) तिचा आवाज अगदी लहान झाला होता. मघाशी माझ्यावर फिर्याद मांडणारी हीच बाई, असं वाटेना. हेताबेननी यंत्र बंद केलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

खरं म्हणजे मला जे हवं होतं ते घडलं होतं. दळण बिघडलं, अट मोडली, डबा परत दोंडाईच्याला. एका वाक्याचं काम होतं. मी तळीतल्या करड्या पिठाकडे पाहिलं आणि माझ्या सवयीने मोजलं. नऊपैकी एक. आठ फडकी अजून बांधलेली.

"कुणाच्या नावाचं बिघडलं?" मी विचारलं.

"तुमच्या," रंजना म्हणाली.

"मग ते वेगळं काढ. माझा रोट मी खाईन. बाकीचं दळा."

"अहो," सुमन म्हणाली, "दाढा बसवून महिना नाही झाला. जरा त्यांचा तरी विचार करा."

"दाढा माझ्या आहेत."

"बिल घरचं आहे!"

हेताबेनना सगळी मराठी कळली नसावी, पण हसू आवरेना. त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या नावाचं पीठ किंचित करडं आलं, पण बोटांना कच लागली नाही. तिसऱ्यापासून पांढरंशुभ्र. शेवटचं नाव घेईपर्यंत पाऊस थांबला होता. निघताना काकांनी बजावलं, "आज गिनती बराबर है, पाँच आए थे, पाँच जाओ." बापू म्हणाला, "काका, चार आहोत." काका म्हणाले, "और देवी?" डबा घरी होता, पण आम्ही गिनती तशीच राहू दिली.

रविवारी संध्याकाळी नवागामच्या दोन खोल्यांत इतकी माणसं होती की मी मोजायचं सोडून दिलं. सुरतेतले आमचे सगळे भाऊबंद आले होते. गल्लीत प्रत्येक तिसऱ्या घरी कानबाई होती. नथ घातलेली आमची कानबाई नव्या चौरंगावर गावापेक्षा जरा मोठी दिसत होती. मी दोनदा नीट पाहिलं. दिव्यांमुळे असेल. पाटावर नऊ रोट, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी आणि खीर. आठ रोट खरपूस तांबूस आणि एक काळपट. तो ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही.

नैवेद्य झाल्यावर मी माझं ताट पुढे ओढलं. पहिला घास चावला आणि कानात कर्रर्र असा आवाज झाला. तो बाकीच्यांनाही ऐकू गेला असावा, कारण सगळ्यांचे हात ताटात थांबले.

"कसा आहे?" बापूने विचारलं.

"भक्कम बांधकाम आहे," मी म्हणालो.

दुसरा घास घ्यायच्या आत रंजनाचा हात माझ्या ताटात आला. तिने रोटाचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि तोंडात टाकला. कर्रर्र. मग बापूने मोडला. मग त्याच्या थोरल्या मुलाने, मग चुलतभावांनी, एकेक करून सगळ्यांनी. रोट घरच्याच माणसांनी संपवायचा असतो, तेव्हा रीत मोडली असं मला म्हणता येईना. खोलीभर कर्रर्र कर्रर्र चाललं होतं आणि पोरं हसून लोळत होती. सुमनने सर्वांत मोठा तुकडा घेतला. बिल घरचं आहे, असं म्हणत. माझ्या ताटात शेवटी चतकोर उरला.

सोमवारी तापीच्या ओवाऱ्यावर (घाटावर) गर्दीत आम्ही कानबाई पाण्याला लावली. बापूने नारळ बाहेर काढला, पुसला, पितळी डब्यात ठेवला आणि डबा माझ्यापुढे धरला. मागे रंजना उभी होती.

मी डबा घेतला आणि रंजनाच्या हातात दिला.

"जात्यावर दळलं गेलं," मी म्हणालो. "अट पुरी झाली."

"पण दादा, तुमच्या नावचं—"

"संपलं की ते. सगळ्यांनी मिळून संपवलंत. आता एक ऐक. देवी ज्या घरी, माप त्या घरचं. पुढच्या श्रावणात गहू तू मोजायचे. तुझ्या मुठीने."

रंजनाने डबा काखेत धरला आणि उजवा हात उघडून तळव्याकडे पाहिलं. मग मूठ मिटून पाहिली. साड्यांना काठ लावून तिच्या बोटांना सुयांचे बारीक टोचे पडलेले आहेत. बापू नदीकडे बघून डोळे पुसत होता आणि मला पाणी उडालं म्हणून सांगत होता.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. सुमनची मांडी मोकळी होती, म्हणून तिने तिच्यावर पाव किलो नानखटाई ठेवली आणि बारडोलीपर्यंत निम्मी संपवली. घरी गेल्यावर देव्हाऱ्याशेजारचा कोनाडा रिकामा दिसेल, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला वाटलं होतं त्याचं फार वाईट वाटेल. तसं झालं नाही. त्या जेलच्या इमारतीत आधी माल राहिला, मग माणसं राहिली, आता आवाज राहायला येणार आहेत. भिंती त्याच. कुणी आलं गेलं म्हणून त्या इमारतीने हरकत घेतलेली नाही. आमच्या घराच्या भिंती तिच्यापेक्षा बारीक आहेत, पण एवढं त्यांनाही जमेल.

"रंजनाची मूठ केवढीशी ती," सुमन म्हणाली. "रोट लहान होतील हो."

मी माझी मूठ मिटून पाहिली आणि मनात हिशेब केला. नऊ रोटांत मिळून जेमतेम एका रोटाचं पीठ कमी पडेल.

"चालेल," मी म्हणालो.